माकडहाडाची साक्ष

मजूर संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे, फार तर संपावर बोलावे; उत्क्रांती आणि आनुवंशिकता ह्या प्राध्यापकांच्या प्रांतात त्याने कशाला शिरावे, अशी शंका आपल्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले आणि पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु ह्या विषयाशी आमची पहिली ओळख करून दिली ती दुसऱ्याच एका बाकाने.

मालकांशी बोलणी करावयाची म्हणजे आधी कचेरीबाहेरच्या लाकडी बाकावर दोन-तीन तास बसून राहावे लागते. साहेब आत कामात असतात. असे बसण्याचे काम आम्ही पंचवीस वर्षे इमानाने केले आणि एके दिवशी पाठीच्या अगदी खालच्या टोकाला अशी कळ आली की उठवेना. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, “घाबरू नका. माकडहाड दुखावले आहे.”

आम्ही घाबरलो नाही, पण थोडे ओशाळलो. इतकी वर्षे ज्या भागावर भार टाकून आम्ही मालकाच्या दारात बसून होतो, तो भाग मुळात माकडाचा होता तर!

हे नाव ज्या कोणा मराठी माणसाने ठेवले त्याने डार्विनसाहेबांचा ग्रंथ वाचला असेल असे वाटत नाही. पण त्याची नजर मात्र पक्की होती. पाठीच्या कण्याच्या शेवटी तीन ते पाच, बहुधा चार, लहान मणके एकमेकांना चिकटून हे हाड झालेले असते. आईच्या पोटात पाचव्या-सहाव्या आठवड्यात आपल्या प्रत्येकाला खरीखुरी शेपटी होती. आठव्या आठवड्याच्या सुमारास ती नाहीशी झाली आणि मागे एवढे हाड राहिले. ते अगदीच बिनकामाचे आहे असेही नाही. ओटीपोटाचा तळ सावरून धरणारे काही स्नायू त्याला जोडलेले असतात. नोकरीतून काढून टाकलेल्या शेपटीच्या जागेवर बदली कामगार म्हणून ते राहिले, इतकेच.

शेपटी गेली कधी? चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, गिबन ही सारी बिनशेपटीची मंडळी; त्यांना कपी म्हणतात. त्यांची आणि आपली शेपटी एकदमच गेली, सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने तिचे कारणही दाखवले. शेपटी घडवणाऱ्या एका जनुकात भलताच एक तुकडा येऊन बसला होता. तसाच बदल उंदरांत केला तेव्हा आखूड शेपटीची आणि बिनशेपटीची पिल्ले जन्माला आली.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. “माणूस माकडापासून झाला, तर मग झाडावरची माकडे अजून माकडेच कशी?” हा प्रश्न आम्हांस प्रत्येक सभेत कोणीतरी विचारतोच. त्याला आम्ही उलट विचारतो, “तुम्ही तुमच्या चुलतभावापासून झालात काय?” चुलतभाऊ आणि आपण एका आजोबांचे नातू, तो गावी राहिला, आपण शहरात आलो. चिंपांझीचे आणि आपले आजोबा सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एक होते. १८५९ साली डार्विनसाहेबांचा प्रजातींच्या उगमावरचा ग्रंथ निघाला आणि १८७१ साली त्यांनी माणसाच्या वंशावळीवर वेगळा ग्रंथ लिहिला. त्यांचे मुख्य सूत्र आमच्यासारख्यालाही कळेल इतके सोपे आहे. कोणत्याही जातीत जितके जन्मतात तितके जगत नाहीत. जन्मलेले सारे एकसारखे नसतात. ज्याच्या अंगचा फरक त्या हवेत, त्या रानात उपयोगी पडतो, त्याची मुलेबाळे जास्त मागे राहतात आणि तो फरक पुढे जातो. ह्यात कोणाचा आराखडा नाही आणि कोणाची मेहेरबानीही नाही.

आराखडा नसल्यामुळे आपल्या शरीराची गत जुन्या वाड्यासारखी झाली आहे. वाडा पाडून नवा बांधण्याची सोय नाही, बिऱ्हाडे हलवण्याचीही सोय नाही. राहत्या घरातच एक भिंत सरकवायची, एक खिडकी बुजवायची, असे लाखो वर्षे चाललेले. चार पायांवर आडवा असलेला कणा उभा केला आणि त्यावर डोक्याचा हंडा ठेवला. टांझानियात लाएटोली येथे १९७८ साली दोन पायांवर चालणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या पाऊलखुणा सापडल्या. त्या छत्तीस लाख वर्षांहून जुन्या आहेत. इतका काळ लोटला तरी हमालाची कंबर आणि कारकुनाची पाठ अजून त्या दुरुस्तीबद्दल कुरकुर करीतच आहे.

ह्या वाड्याच्या माळ्यावर आणखी पुष्कळ जुने सामान आहे. थंडी वाजली किंवा भीती वाटली की अंगावर काटा येतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. तो आखडतो आणि केस उभा राहतो. अंगभर लव असलेल्या प्राण्याला त्याचा उपयोग होतो. उभ्या केसांत हवा अडकून ऊब राहते, आणि शत्रूसमोर अंग फुगलेले दिसते. आमची लव गेली, स्नायू राहिले. त्यामुळे साहेबांनी पगारवाढीचा आकडा सांगितला की आमच्या अंगावर काटा येतो, पण साहेब त्याला भीत नाहीत.

अक्कलदाढेचेही तेच. कच्चे, चिवट अन्न चावणाऱ्या पूर्वजांचा जबडा मोठा होता. अन्न शिजवून खाण्याची रीत पडली, जबडा लहान झाला, आणि ही दाढ सतराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या दरम्यान भरलेल्या गाडीत उशिरा आलेल्या उतारूसारखी धक्काबुक्की करीत शिरते. कित्येकांना ती उगवतच नाही. ती मंडळी अकलेने कमी नसतात. उलट दंतवैद्याचे पैसे वाचवतात.

आता बसल्या जागी एक प्रयोग करा. अंगठा आणि करंगळी यांची टोके जुळवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर आलेली दिसेल. काहींना ती दिसणार नाही. जगभरच्या मोजण्यांत साधारण शंभरातल्या पंधरा हातांत ती नसते. लोकसमूहागणिक हा आकडा बदलतो. दोरी नसली तरी पकड कमी होत नाही. शस्त्रवैद्य तर ही दोरी काढून दुसरीकडची तुटलेली दोरी सांधण्यासाठी वापरतात. ह्या सभागृहात दोरीवाले आणि बिनदोरीवाले असे दोन पक्ष आहेत, हे आतापर्यंत आपल्याला ठाऊकही नव्हते. कोणी उद्या त्यांच्यात रोटीबेटी बंद केली नाही म्हणजे मिळवली!

आता आनुवंशिकतेकडे वळू. आपल्या म्हणींनी ह्या बाबतीत दोन्ही बाजूंनी वकीलपत्र घेतले आहे. मुलगा बापासारखा निघाला की आपण म्हणतो, “खाण तशी माती.” तो बापासारखा निघाला नाही की म्हणतो, “सूर्यापोटी शनैश्चर.” दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे ज्याने उलगडले तो ग्रेगोर मेंडेल नावाचा एक मठवासी संन्यासी होता. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो गावच्या मठात त्याने वाटाण्याची हजारो रोपे लावली. हा मनुष्य शिक्षकाच्या परीक्षेत नापास झालेला होता, म्हणून आम्हांस तो विशेष जवळचा वाटतो.

त्याने गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सारे दाणे गोल आले. सुरकुती गेली कुठे? ती रोपे आपापसांत फळू दिली तेव्हा पुढच्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. मेंडेलने ओळखले की प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. गोल दाण्याची चिठ्ठी सोबत असली की सुरकुतीची चिठ्ठी गप्प बसते, पण नाहीशी होत नाही. दोन गप्प चिठ्ठ्या एकत्र आल्या की आजोबांची सुरकुती नातवात हजर. हा निबंध १८६६ साली छापला गेला, आणि १९०० सालापर्यंत त्याचे महत्त्व कोणाच्या ध्यानात आले नाही. तोवर मेंडेल वारून सोळा वर्षे झाली होती. अर्ज कचेरीत पडून राहण्याची परंपरा फार जुनी आहे.

ह्या चिठ्ठ्या म्हणजे आजची जनुके. त्यांच्या बाबतीत माणसाने ऐट करण्यासारखे फारसे नाही. चिंपांझीला रंगसूत्रांच्या चोवीस जोड्या, आपल्याला तेवीस. माणसाची प्रथिने घडवणारी जनुके सुमारे वीस हजार; भाताच्या रोपात त्याहून जास्त. आपण रोज ताटात आपल्यापेक्षा श्रीमंत खानदान वाढून घेतो.

पण चिठ्ठ्यांचा खेळ नेहमीच हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारकडे आणि विशेषतः आदिवासी बांधवांत सिकलसेल नावाचा आजार आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, वेदनेच्या कळा येतात, रक्त कमी पडते. ज्याच्याकडे ह्या दोषाची एकच चिठ्ठी असते तो बहुधा ठणठणीत असतो, आणि लहानपणी हिवतापाने मरण्याचा धोका त्याला कमी असतो. हिवतापाच्या प्रदेशांत ही चिठ्ठी टिकली ती ह्यामुळे. पण आई आणि बाप दोघांकडेही एकेक चिठ्ठी असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याचा संभव चारात एक. म्हणून त्या भागातल्या लग्नाळू मुलामुलींनी पत्रिकेआधी रक्त तपासून घ्यावे. मंगळापेक्षा ही गाठ कितीतरी खरी आहे. आणि एकच चिठ्ठी असलेल्या धडधाकट माणसाला तेवढ्यासाठी कमी लेखण्याचे कारण नाही.

रक्तातून खरोखर येते ते असे. आता येत नाही ते पाहू.

फ्रान्समध्ये लामार्क नावाचे मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. १८०९ साली त्यांनी असे मांडले की प्राण्याने आयुष्यात मेहनतीने जे कमावले ते मुलांत उतरते. जिराफ उंच पाल्यासाठी मान ताणत गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या मान लांबत गेली. विचार मनाला पटणारा आहे. खुद्द डार्विनसाहेबांनाही तो पुरता सोडवला नाही. पुढे जर्मनीत वाइसमान ह्या शास्त्रज्ञाने पांढऱ्या उंदरांच्या शेपट्या छाटल्या. पाच पिढ्या छाटल्या. ९०१ पिल्ले जन्मली आणि सारी शेपटीसह जन्मली. वाइसमानांनी आमच्या आजीला विचारले असते तर इतके उंदीर लांडे झाले नसते. आपल्याकडे शेकडो वर्षे मुलींचे कान टोचत आले. आजवर एकही मुलगी कानाला भोक घेऊन जन्माला आलेली नाही. प्रत्येक पिढीत सोनाराला नव्याने बोलवावेच लागते.

गर्भारपणी आई उपाशी राहिली, आजारी पडली, तर त्याचे परिणाम मुलाच्या प्रकृतीवर होतात हे खरे. पण लोहाराच्या हाताचे घट्टे मुलाच्या हातावर येत नाहीत, आणि वकिलाचे कायद्याचे ज्ञानही त्याच्या मुलाच्या डोक्यात आपोआप उतरत नाही. दोघांनाही शून्यापासून शिकावे लागते. फरक इतकाच की एकाला शिकवणारा आणि पुस्तके घरातच असतात.

आम्हांस ह्या विषयाचा ध्यास लागला तो इथे. एकदा एका कारखान्यात नवी यंत्रे यायची होती. कामगारांच्या मुलांना त्यांचे प्रशिक्षण द्यावे अशी आमची मागणी होती. समोरचे साहेब सज्जन होते, चहाही देत असत. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “अहो, तुमची मागणी चांगली आहे, पण ते ह्या लोकांच्या रक्तातच नाही हो.” आम्ही गप्प बसलो, कारण उत्तर माहीत नव्हते. त्या रात्रीपासून आम्ही वाचावयास लागलो.

पण सारा दोष साहेबांवर ढकलून चालणार नाही. आमच्या चळवळीच्या घरातही हे पाप आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत साचेखात्यात पगार बरा मिळे. धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्य मानलेल्या कामगाराने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून त्या खात्याचे दार दलित कामगारांना बंद. हे दार अडवून उभे होते ते त्यांचेच कामगारबंधू! १९२८ सालच्या मोठ्या संपाच्या वेळी डॉक्टर आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. ज्याला कधी मागापाशी उभे राहू दिले नाही, त्याच्या रक्तात विणकाम नाही असे म्हणणे म्हणजे पाण्यात उतरू न देता पोहता येत नाही म्हणून हिणवणे होय.

रक्ताच्या शुद्धतेचे म्हणाल तर त्याचाही हिशेब लागलेला आहे. २००९ साली हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या साह्याने भारतातल्या अनेक समाजांची जनुके तपासली. जवळजवळ साऱ्या समाजांत प्राचीन काळच्या निरनिराळ्या लोकांची सरमिसळ आढळली. २०१३ सालच्या पुढच्या अभ्यासाने दाखवले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात ही सरमिसळ सर्वत्र चालू होती. आपापल्यातच लग्ने करण्याचा कडक रिवाज मागाहून आला. त्याच्याही आधी, १९७२ साली, लेवॉन्टिन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी शेकडा पंचाऐंशीच्या आसपास फरक एकाच लोकसमूहातल्या माणसांमध्ये असतात. म्हणजे शेजारच्या, आपल्याच जातीच्या, आपल्याच आळीतल्या गृहस्थांपासूनच आपण पुष्कळ वेगळे आहोत. भाडेकरूंच्या भांडणांवरून आम्हांस हा संशय होताच.

सध्या आंब्याचे दिवस आहेत, म्हणून एक उदाहरण आंब्याचे देतो. हापूसची कोय पेरली तर हापूस येईलच असे नाही. बहुधा वेगळ्याच चवीचा आंबा येतो, कारण कोयीत दोन झाडांच्या चिठ्ठ्या मिसळलेल्या असतात. तोच हापूस पुन्हा हवा असेल तर कलम करावे लागते. माणसाचे कलम होत नाही. आपण सारे कोयीतून आलेले, रायवळ. आणि उत्तम कोयीलाही माती-पाणी लागतेच. हॉलंडमधले लोक आज जगात सर्वांत उंच समजले जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिथल्या तरुण पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटीमीटर होती. आज ती १८३च्या आसपास आहे. उंची मुख्यतः आईबापांकडून येते हे खरे. तरी पाच-सहा पिढ्यांत जनुके एवढी बदलत नाहीत. बदलले ते दूध, अन्न, स्वच्छ पाणी, औषधपाणी आणि ते विकत घेण्याची ऐपत. त्या उंचीत मजुरीचाही वाटा आहे, असे आम्ही म्हटले तर ते आमच्या धंद्यामुळे म्हटले असे समजू नये.

मंडळी, एवढा फेरा घेऊन आम्ही एकाच गोष्टीशी येतो. शरीराने आपल्याला माकडहाड दिले, अक्कलदाढ दिली, अंगावरचा काटा दिला, आणि हे सारे मागितल्यावाचून मिळाले. पण माणसाने माणसासाठी जे कमावले त्यातले काहीच रक्तातून उतरत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याची सुट्टी मागितली. ती मिळाली १८९० साली. त्या माणसांची नातवंडे-पतवंडे रविवारची सुट्टी अंगात घेऊन जन्मली नाहीत. जन्मतः कोणाला अक्षर येत नाही, हक्क कळत नाही, आणि शेजाऱ्याचा विटाळही वाटत नाही. तिन्ही आपणच शिकवतो. पहिली दोन शिकवण्याचा आळस झाला तर एका पिढीत विसरली जातील, आणि तिसरे शिकवण्याचा आळस झाला तर तेही एका पिढीत विसरले जाईल. ह्या एका बाबतीत आळशीपणाची शिफारस करताना आम्हांस संकोच वाटत नाही.

ज्या साहेबांना आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही, त्यांच्याकडे पाच वर्षांनी पुन्हा जाण्याचा योग आला. मधल्या काळात पुष्कळ झगडून प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला होता आणि बारा मुले नव्या यंत्रांवर काम करीत होती. त्यांत एका झाडूवाल्या बाईंचा मुलगा होता आणि त्याच्या हातची कामगिरी साहेब स्वतः पाहुण्यांना दाखवीत होते. ‘रक्त’ हा शब्द त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. फक्त त्यांनी त्या दिवशी आम्हांस बाहेर तिष्ठत ठेवले नाही आणि बसावयास गादीची खुर्ची दिली. आमच्या माकडहाडाला फार बरे वाटले.